तिसरी शाळा

मठाच्या छोट्या शाळेत पोरं सकाळी वचनं म्हणतात, बाई प्रत्येकाला नावानं ओळखतात. म्हणून लेक आरोही तिथंच जाणार, हा वैजयंतीचा हट्ट. नवरा मल्लिनाथ सात रस्त्याजवळच्या मोठ्या शाळेवर अडून बसला होता. "संस्कार घरी करू की, पण इंग्रजी कुठनं आणायचं?" तीन महिने घरात कुणी धड जेवलं नाही, दोन्ही आज्या एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. शेवटी मल्लिनाथच थकला आणि मठाची शाळा ठरली.

दोघंही नोकरीवाले. वैजयंतीनं गल्लीतली पोरं शाळेत सोडणाऱ्या राजेसाबकाकांना गाठलं.

"एका पोरीसाठी मठाकडं रिक्षा वळवणं परवडत न्हाय, ताई. सात रस्त्याला बी मी जात न्हाय. माजी सगळी पोरं पुलापलीकडच्या शाळेत हायती. तितं घाला की, एक जागा हाय."

दुसरी रिक्षा काही मिळेना. जूनमध्ये आरोही अशा शाळेत गेली, जी तिच्या आईबापांनी बाहेरूनही पाहिली नव्हती.

परवा समोरच्या घरातली सून लेकाला कडेवर घेऊन आली. "वहिनी, शाळा कशी निवडायची हो?"

 

वैजयंतीनं राजेसाबकाकांचा नंबर दिला.