पायाखालचं पीठ

"आई, तू फक्त वर उभी राहा. भिजवलेलं पीठ जाड पिशवीत आहे, पिशवीवर टॉवेल आहे, तुझ्या पायात नवेकोरे मोजे आहेत. आता काय राहिलं?"

"लाज राहिली," कमलाताई म्हणाल्या. "अन्नाला पाय लावायचा? शी!"

पण निधी ऐकेल तर ना! परवाच जपानहून अमेरिकेत, मॉरिसव्हिलच्या घरी परतलेली, डोळे जेट लॅगनं लाल, डोक्यात एकच खूळ. नऊ दिवस तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, अनीशनं भाड्याच्या गाडीनं शिकोकू बेट पालथं घातलं होतं. गाडी डावीकडून चालवायची, आपल्या नागपूरसारखी. तरी अमेरिकेच्या सवयीनं प्रत्येक वळणावर इंडिकेटरऐवजी वायपर सुरू! समुद्राकाठी पेंढ्याच्या जाळावर भाजलेला मासा खाल्ला. डोंगरात वेलींचा झुलता पूल लागला, तो अनीशनं जवळजवळ रांगत पार केला. आणि उदोन! जाड, पांढऱ्याशुभ्र, गुबगुबीत शेवया. शेतांच्या मधोमध एक पत्र्याची शेड, सकाळी सातला बाहेर लाइन, आणि आपल्या शेवया आपणच गरम पाण्यात बुडवून घ्यायच्या.

त्या शेडमध्ये निधीला ती आजी दिसली. ऐंशीची तरी असेल. हातांची बोटं पार वाकडी. रेडिओ लावून आरामात पायांनी शेवयांचं पीठ तुडवत होती. निधीनं वाडगा तसाच ठेवला आणि व्हिडिओ काढला.

कारण आईची बोटंही तशीच झाली होती. संधिवातानं वर्षभरात वळली. अख्ख्या गल्लीला पोळ्या करून घालणारी बाई आता किचनकडे फिरकत नव्हती. "नुसती बसून खाते. माझं परतीचं तिकीट काढ," रोज तेच. आणि नागपूरच्या घरी तर आता कुणीच नव्हतं.

"मी तिकीट काढणार नाही," निधी म्हणाली. "हात चालत नाहीत ना? मग पाय वापर."

"आई, मी धरतो तुम्हाला," अनीश पुढे झाला.

"तू पूल रांगत पार केलास म्हणे. तू काय धरतोस!"

कमलाताईंनी व्हिडिओ पुन्हा एकदा पाहिला. मग त्या वाकल्या. वाकडी बोटं पिशवीला लावली, कपाळाला लावली. ओटा धरून एक पाय ठेवला. मग दुसरा.

एक पाऊल. दुसरं. तिसऱ्याला त्या थांबल्या. टाच जरा दाबली. डोळे मिटले. कपाळाला ही मोठी आठी पडली.

निधीला वाटलं, झालं. आता खाली उतरणार आणि तिकीट मागणार.

"पाणी कमी पडलंय," कमलाताई डोळे न उघडताच म्हणाल्या. "असं भिजवतात का पीठ? उद्यापासून मला विचारून घालत जा."