गाळलेल्या जागा भरा

संकट आलं की आमच्या साहेबांचा चेहरा खुलायचा. एकाहत्तरला युद्ध सुरू झालं आणि आमच्या पिंपरीच्या कारखान्याचं कॅन्टीन ठेकेदाराकडे गेलं. युद्ध पंधरवड्यात संपलं, कॅन्टीन काही परत आलं नाही. मग दुष्काळाच्या नावानं दवाखाना गेला. त्र्याहत्तरला तेल महागलं, तशी कामगारांची बसही गेली आणि ठेकेदाराचा टेम्पो आला.

नोटिसा मीच टाइप करायचे. मजकूर साहेबांनी एकदाच सांगून ठेवला होता: "अमुक संकटामुळे तमुक सोय बंद करण्यात येत आहे. ज्याने त्याने आपली व्यवस्था बाजारभावाने करावी." मी फक्त अमुक-तमुक बदलायचे. साहेब तर आताशा न वाचताच सही ठोकायचे.

"चारुताई, टेम्पोला माणसं लोंबकळत जात्यात," साहेबांचा ड्रायव्हर ज्ञानदेव म्हणाला. "साहेबांना सांगा की कायतरी!"

सांगायची माझी काय बिशाद! मी आपली एक नोटीस टाइप केली आणि सहीच्या गठ्ठ्यात सरकवली.

दुसऱ्या दिवशी सुटीचा भोंगा झाला. साहेब बाहेर आले, तर मोटारीला कुलूप, आणि नोटीस बोर्डासमोर ही गर्दी! "तेलाच्या संकटामुळे साहेबांची मोटार बंद करण्यात येत आहे..."

साहेब लालबुंद. "कुणी काढली ही नोटीस?"



"सही तुमचीच हाय, साहेब," ज्ञानदेव अदबीनं म्हणाला, "पन आधी टेम्पोत चढा, साडेपाचनंतर बाजारभाव वाढतो!"