चांगला गुडघा

"नाटकं आहेत हो, डॉक्टर. मॅच आली की हिचा गुडघा दुखतो. आमच्या वेळी दात पडला तरी कोणी बर्फावरून उतरायचं नाही," अमेरिकेतल्या डुलुथच्या मुलींच्या आइस हॉकी संघाचा कोच गुनार म्हणाला. अकरा वर्षांची सिग्रिड, त्याची मुलगी, सोनोग्राफीच्या टेबलावर आडवी झाली.

डॉक्टरांनी डाव्या गुडघ्यावर जेल लावून प्रोब फिरवला.

"नाटक नाही. वाटीखाली, स्नायुबंध हाडाला जोडलेला असतो तिथे सूज आहे. बघा."

गुनार पडद्याकडे बघत राहिला. कोचच्या जॅकेटमध्ये त्याला एकदम उकडायला लागलं.

"आता उजवा," डॉक्टर म्हणाल्या.

"तो चांगला आहे तिचा," गुनार हळूच म्हणाला.

"म्हणूनच. मुलांची हाडं वाढत असतात, चांगल्या बाजूशी ताडून बघावं लागतं."

प्रोब टेकला तशी सिग्रिडने ओठ चावला. डॉक्टर थबकल्या. इथली सूज डाव्यापेक्षा जास्त होती.

"अगं, हा तर जास्त दुखत असणार! बोलली का नाहीस?"

सिग्रिडने वडिलांकडे बघायचं टाळलं.

"हा नंतर दुखायला लागला. दोन्ही दुखतात म्हटलं असतं, तर बाबांना नक्की नाटकं वाटली असती, त्यांनी आणलंच नसतं."