नुसते ओठ हलव

सकाळी दहाच्या ठोक्याला थाओ सूझेन चष्मा पुसून मोबाइलसमोर बसली. पडद्यावर मिआओ चिन थेट प्रक्षेपणात मोजे विकत होती. दहा जोडांचा संच एकोणीस युआनला, आणि असे संच फक्त तीनशेच शिल्लक. मोज्यांच्या कारखान्यांनी भरलेल्या झूजी शहरात मोज्यांना तोटा नव्हता; खालच्या दुकानात ते याहून स्वस्त मिळाले असते. पण सूझेन चार महिने इथूनच घेत होती. कपाटाचं दार आता लागत नव्हतं.

नवरा, लू दशान, स्वयंपाकघरात शेंगा सोलत होता. त्यानं आजही टोकलं, की आपल्या दोघांचे मिळून पाय चारच आहेत.

"माझ्या वर्गात होती ती," सूझेन म्हणाली. "आज हजारो लोक तिचं बोलणं ऐकतात. इतके स्वच्छ उच्चार तिला शिकवले कुणी?"

"मग सांग की तिला, बाई." ती शाळेतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी तो तिला घरात बाईच म्हणायचा. "चोरासारखी काय खरेदी करतेस?"

आज ती सांगणारच होती. त्या ॲपवर तिनं आपलं नाव 'शांत तळं' असं ठेवलं होतं. एका बोटानं तिनं अक्षरं जुळवली : 'चिन, मी थाओ बाई. तुझी पाचवीची वर्गशिक्षिका.' पाठवणार, तेवढ्यात कुणीतरी चिनला विचारलं, दिवसभर बोलून घसा बसत नाही का.

चिन हसली. म्हणाली, माझं बोलायचं बरंच शिल्लक राहिलंय. पाचवीत समूहगीताची स्पर्धा होती. आईनं त्यासाठी नवे बूट घेतले होते. रंगमंचाच्या पायरीवर बाईंनी मला हाताला धरून बाजूला घेतलं.

"म्हणाल्या, तुझा आवाज फाटका आहे. तू गाऊ नकोस, नुसते ओठ हलव. मी हलवले. पुढं शाळा सुटेपर्यंत हलवतच राहिले."

पडद्याच्या कडेनं लोकांचं लिहिणं भराभर वर सरकू लागलं. त्या बाईचं नाव सांग. असल्यांना शाळेत ठेवतात कसे. तू बोल चिन, आम्ही घेतो. संच बघता बघता संपत आले.

सूझेनला ती स्पर्धा आठवत होती. पहिला नंबर आला होता. मुख्याध्यापकांनी दिलेला थर्मास आठवत होता. पायरीवरची मुलगी मात्र काही केल्या दिसेना. आपण असं त्या एकीलाच सांगितलं, की दरवर्षी कुणाला ना कुणाला, तेही तिला सांगता येईना.

तिनं एकेक अक्षर पुसलं. मग, कधी नव्हे ते, पाच संच मागवले.

"'शांत तळं' मावशी, पाच?" चिनचा आवाज एकदम मऊ झाला. "या मावशी पहिल्या दिवसापासून आहेत बरं का. कधी चकार शब्द बोलत नाहीत, नुसतं घेतात. मावशी, तेव्हा तुमच्यासारखं कुणी असतं ना, तर मीही गायले असते."

सूझेननं मोबाइल पालथा घातला. आवाज टेबलाला चिकटून चालूच राहिला.

दशान हात पुसत दारात आला. "सांगितलंस? काय म्हणाली?"

"मला मावशी म्हणाली," सूझेन म्हणाली.