परत आलेला पाव

दुकानांतून परत आलेला शिळा पाव आमच्या बेकरीतून दर आठवड्याला पशुखाद्याच्या कारखान्यात जातो. आज तिथला ड्रायव्हर सगळी पोती घेऊन परत आला. एक पाव त्याने शेठच्या नाकासमोरच मोडला. आत हिरवीगार बुरशी.

"हे चालत नाही आम्हाला. नियम आहे."

"म्हशींना कसले रे नियम?" शेठ कडाडले. "त्या काय तुला नावं ठेवणार आहेत?"

"त्या नाही ठेवणार. पण म्हैस आजारी पडली, की तिचा मालक काठी घेऊन दारात येतो." पोती उतरवून तो चालता झाला.

सगळा राग शेठनी भट्टीवाल्यावर काढला. "बघतोस काय? काप काढ, कडक भाज, टोस्ट कर. वेलची जरा सढळ हाताने घाल, म्हणजे वास मरेल."

पोती टेबलावर रिकामी झाली. पॅकिंगला मी असते. ते टोस्ट माझ्याच हातांनी पुड्यांत भरायचे होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"शेठ, म्हशींना चालत नाही ते लोकांच्या पोरांना घालायचं?"

"मावशी, म्हशीला मालक असतो. टोस्ट खाऊन पोट बिघडलं, तर लोक हवेला शिव्या घालतात."

कोपऱ्यात फरशी पुसायच्या फिनेलचा कॅन होता. मी तो उचलला आणि सगळाच्या सगळा त्या ढिगावर उपडा केला.

"घाला आता वेलची."