कुमुदकाकूंची वाटी

"नेऊ नकोस गं तिला. तिला तिकडे करमायचं नाही," सांगलीच्या आमच्या शेजारीण कुमुदकाकू मला म्हणाल्या होत्या. मी हसून विषय बदलला. आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, स्पॉन्सर करायचं आमचं ठरलेलंच होतं.

पीआर, म्हणजे तिकडे कायम राहायची परवानगी, मिळून आई कॅनडात आमच्याकडे आल्या. दिवसभर खिडकीशी बसून बर्फ बघायच्या आणि मी लेकीला भरवता भरवता त्यांचा चेहरा बघायचे. परत जाते म्हणाल्या तर?

एकदा त्यांच्या बॅगेत कुमुदकाकूंचं नाव कोरलेली स्टीलची वाटी निघाली. "अगं बाई, हिची वाटी माझ्याकडेच राहिली की!" त्याच दुपारी त्यांनी रव्याचे लाडू वळले आणि त्या वाटीतून शेजारच्या पोलिश आजींना नेऊन दिले. मला धास्ती वाटली. शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करायची नसते, हे इथे कोणाला माहीत? रिकामी आली तर आईंच्या मनाला लागेल.

संध्याकाळी बेल वाजली. दारात आजी, वाटीत सफरचंदाचा गरम केक. "बघ, हिलाही रीत ठाऊक आहे!" आई अशा खुलल्या! आता वाटीची ये-जा सुरूच असते.

काल व्हिडिओ कॉलवर आईंनी कुमुदकाकूंना ती वाटी दाखवली. काकू हसल्या. मग म्हणाल्या, "मी हल्ली एकटीपुरतंच करते गं." कोणाला करमायचं नव्हतं, ते मला तेव्हा कळलं.

तुम्ही सांगलीत विश्रामबागेकडे राहत असाल, तर त्यांची बेल वाजवाल का? जाताना वाटीभर काहीतरी न्या.