श्वासाचा पाळणा

शाल्मलीला श्वास देणारा पाळणा सकाळी बंद पडला, तेव्हापासून केतकी रबरी फुगा दाबून तान्हीला श्वास देत होती. नणंदेने, विभाताईंनी, पाळण्यात नवं कोरं यंत्र बसवून जुन्या नोंदींचा बॅकअप चढवला.

"शाल्मली नावाचं बाळ नोंदीत नाही. श्वास सुरू करता येणार नाही," पाळणा म्हणाला.

"अगं बाई! बारशाच्या गडबडीत नवा बॅकअप घ्यायचाच राहिला गं!" विभाताई रडवेल्या झाल्या.

केतकीचा हात थांबला नाही. बारशाआधी दवाखान्यात पोरीला काय म्हणायचे, ते तिला आठवलं.

"बेबी ऑफ केतकी!" ती ठणकावून म्हणाली.

पाळणा घुमला. शाल्मलीची छाती आपोआप वर आली. तेव्हा कुठे केतकीने फुगा सोडला.

"ताई, रडताय काय? आत्या ना तुम्ही? पाळण्याच्या कानात कुर्र करा. आणि या खेपेला घुगऱ्यांच्या आधी बॅकअप घ्या."